जुलाब लागले म्हणून पाणी तोडू नका

पाऊस लागला की विहिरीत वरचं गढूळ पाणी उतरतं, माश्या वाढतात आणि प्रत्येक घरात कुणाचं तरी पोट बिघडतं. म्हणून आज आम्ही पोटाबद्दल बोलणार आहोत. पोटाच्या बाबतीत आपल्याकडे घरोघरी एक डॉक्टरीण असतेच. आजी असते, आत्या असते, नाहीतर शेजारच्या काकू. त्यांचं पुष्कळसं बरोबर असतं. ताक, पेज, मऊ भात हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. पण त्यांच्याकडून आलेल्या एक-दोन समजुती जिवावर बेततात.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच गटातल्या एकीच्या नातवाला जुलाब लागले. बाळ दहा महिन्यांचं. आजीने सुनेला सांगितलं, ‘अंगावर पाजू नको, पाणी देऊ नको, पोटाला आराम पडू दे.’ दोन दिवस तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडत होतं, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. टाळू खोल गेली होती, म्हणून आजीने टाळूवर तेल भरलं. बेंबी सरकली असेल म्हणून पोट चोळलं. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच सपाट झाली नाही. मग जीप करून तालुक्याला नेलं, सलाईन लावलं, बाळ वाचलं. ती आजी आज आमच्यासोबत इथेच बसली आहे. तिनेच सांगितलं, ‘रेडिओवर हे बोला, फक्त माझं नाव घेऊ नका.’

तिला दोष द्यायला आम्हाला तोंड नाही. आमच्यापैकी निम्म्याजणींनी आपापल्या लेकरांना असंच केलं आहे. पाणी दिलं की शी होते, नाही दिलं की कमी होते, हे डोळ्यांना दिसतं ना! पण माठ गळत असेल आणि आपण पाणी भरायचं थांबवलं, तर गळणं थांबतं ते माठ रिकामा झाला म्हणून. जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. खोल गेलेली टाळू हीच पाणी आटल्याची खूण आहे. ती तेलाने वर येत नाही, पोटात पाणी गेलं की येते.

मग नुसतं पाणी का नाही, मीठ-साखर कशाला? आतड्याची गंमत अशी की जुलाब चालू असतानाही साखर आत घेण्याची त्याची वाट उघडी असते. साखरेसोबत मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी जातं. हे पाणी किती कामाचं आहे ते १९७१ साली दिसलं. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपात कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. एरवी शंभरातले तीसपर्यंत रोगी दगावायचे. त्यांच्याकडे ते प्रमाण चारच्या खाली आलं. पाजणाऱ्या बायाबापड्यांनी कुठलं शिक्षण घेतलेलं नव्हतं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आज तेच पाणी ओआरएसच्या पुडीत मिळतं. आशाताईंकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात फुकट मिळतं. मोठी पुडी १ लिटर पाण्याची असते आणि ती सगळीच्या सगळी एकदम घालायची. थोडी आज ग्लासात, थोडी उद्या, असं केलं की प्रमाण बिघडतं. दुकानात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, म्हणून आधी पुडीवरचं वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. पाणी लिटरच्या बाटलीने मोजा, पातेल्याचा अंदाज नको. उकळून गार केलेलं पाणी असेल तर उत्तम. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चव घेऊन पाहा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. आणि एक, दुकानात खोक्यातून मिळणारं गोड रंगीत पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप द्यायचं, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध कधीच तोडायचं नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलाला खिचडी, पेज, केळं, दहीभात चालू ठेवायचं. सोबत जस्ताची म्हणजे झिंकची गोळी १४ दिवस द्यायची. सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आपण गोळी सोडून देतो, तसं करायचं नाही. पूर्ण १४ दिवस घेतली तर पुढचे काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी होतो.

‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच,’ असंही आपण म्हणतो. दात जुलाब आणत नाहीत. त्याच वयात बाळ रांगतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. जुलाब बांधायची गोळी लहान मुलाला देऊ नका, तिने आतडं मंदावतं आणि घाण आत राहते. पाण्यासारख्या जुलाबांना प्रतिजैविकही बहुधा लागत नाही, कारण पुष्कळदा ते विषाणूमुळे होतात. त्यातल्या रोटा विषाणूची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती चुकवू नका.

शीत रक्त, पाणी पिता न येणं, मूल मलूल पडणं किंवा उठवूनही न उठणं, डोळे खोल जाणं, सहा तासांत लघवी न होणं, यातलं काहीही दिसलं तर बेंबी चोळत बसू नका. दवाखान्याची वाट धरा आणि वाटेतही पाजत राहा.

आता मोठ्यांचं थोडं. ‘पित्त झालंय’ म्हणून रोज गोळी घेणाऱ्या बायकांनो, कंबर-गुडघ्यासाठी उपाशीपोटी दुखीची गोळीही घेता का? पुष्कळदा जठराला जखम होते ती त्या गोळीने. बिचाऱ्या मिरचीवर उगाच आळ येतो. दुसरं कारण एक जंतू असतो. तो १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या डॉक्टरांनी शोधला आणि त्याला २००५ मध्ये नोबेल मिळालं. त्याला पूर्ण औषध लागतं, सोडा पिऊन तो जात नाही. शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी दिसते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.)

रोज पोट साफ झालंच पाहिजे असंही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही ठीक असू शकतं. पण शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांचं पोट जड राहणारच, आणि त्यावर चूर्ण हा उपाय नव्हे. गटाच्या पुढच्या बैठकीत कामाच्या ठिकाणच्या शौचालयाचा विषय आम्ही घेणार आहोत.

एका श्रोत्या ताईंनी विचारलं आहे, नुसतं लिंबू सरबत दिलं तर चालेल का? वरच्या मापाने मीठ-साखर घातली तर लिंबू पिळायला हरकत नाही, चवीमुळे मूल पितंही. पण त्यात झिंक नाही. गोळी आशाताईंकडून आणाच.