जुन्या मैफलींची नवी पोस्टरे

छापील वारसा : लेखांक 9

गाजलेल्या संगीत कार्यक्रमाचे मूळ भित्तिपत्रक समोर ठेवून, किंवा त्याच्या छायाचित्रावरून, नव्याने छापलेल्या प्रतीला पुनर्मुद्रित पोस्टर म्हणतात. मूळ पोस्टराचे आयुष्य फार थोडे असते. तारीख, जागा आणि तिकिटाचा दर कळवायचा, आणि कार्यक्रम पार पडला की दुसऱ्या पोस्टराखाली चिकटून नाहीसे व्हायचे. पुनर्मुद्रित पोस्टर मात्र कोणालाच कुठे बोलावत नाही. जी मैफल होऊन गेली, तिची आठवण ते भिंतीवर टांगते. जगभरात अशी पोस्टरे जाझ, सोल (अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून आलेले गाणे) आणि रॉक संगीताची निघतात.

अमेरिकेतील सोल गायकांची मूळ पोस्टरे कलाकृती म्हणून तयार झालीच नव्हती. बाल्टिमोरचे ‘ग्लोब पोस्टर’ आणि नॅशव्हिलचे 1879 मध्ये सुरू झालेले ‘हॅच शो प्रिंट’ ही छापखाने चालवणाऱ्यांची दुकाने होती. लाकडी टाईप, गायकाच्या चेहऱ्याचा ब्लॉक, जाड पुठ्ठा आणि लांबून डोळ्यांत भरणारी भडक शाई एवढ्यावर काम चाले. जेम्स ब्राऊन किंवा ओटिस रेडिंग यांच्या दौऱ्याची पोस्टरे एकगठ्ठा छापली जात. गावाचे नाव, सभागृह आणि तारीख यांच्यासाठी वरचा पट्टा कोरा सोडत आणि त्या त्या गावासाठी तो नंतर भरून घेत. तमाशाच्या फडांची पद्धतही हीच. फडाचे नाव, सोंगाड्या आणि नर्तकींची छायाचित्रे, वगाचे नाव आधी छापलेले, मुक्कामाची जागा कोरी. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत फडांच्या राहुट्या पाहिलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल. दोन्ही ठिकाणी गरज एकच होती : रोज गाव बदलणाऱ्या कलावंताची जाहिरात कमी पैशांत करायची.

कोणत्या मैफलींची पोस्टरे पुन्हा छापली जातात, हे पाहणे उद्‌बोधक आहे. टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये 15 मे 1953 रोजी चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एकत्र वाजवायला बसले. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि सभागृह बरेचसे रिकामे राहिले. ध्वनिमुद्रणामुळे मात्र ती मैफल जाझच्या इतिहासात अढळ झाली. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील जेम्स ब्राऊन यांचा 24 ऑक्टोबर 1962 चा कार्यक्रमही असाच ध्वनिमुद्रिकेने अमर केला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील दंगलीला सात वर्षे झाली, त्या निमित्ताने 20 ऑगस्ट 1972 रोजी ‘वॉटस्टॅक्स’ हा कार्यक्रम झाला. तिकीट एक डॉलर आणि श्रोते सुमारे एक लाख. आणखी एक पोस्टर विलक्षण आहे : 10 डिसेंबर 1967, मॅडिसन शहर, गायक ओटिस रेडिंग. त्या कार्यक्रमाला येताना त्यांचे विमान तळ्यात कोसळले आणि मैफल झालीच नाही. न झालेल्या कार्यक्रमाचे ते पत्रक आजही संग्राहक शोधत असतात.

महाराष्ट्रात जाझचे ठिकाण मुंबई. ताजमहाल हॉटेलमध्ये 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद आला आणि त्यानंतर गोव्याच्या वादकांनी ही कला आपलीशी केली. अल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. मूळच्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्यांचा मोठा हात होता आणि 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटातील ट्रम्पेटने जाझचा ताल खेड्यापाड्यांतल्या टॉकीजपर्यंत पोहोचवला. डेव्ह ब्रूबेक 1958 मध्ये, ड्यूक एलिंग्टन 1963 मध्ये आणि लुई आर्मस्ट्राँग 1964 मध्ये मुंबईत वाजवून गेले. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 1978 साली पहिली ‘जाझ यात्रा’ रंगभवनात भरली आणि तिथे सॉनी रोलिन्स यांचा सॅक्सोफोन घुमला. या काळाचा शोध घेताना जुन्या जाहिराती आणि छायाचित्रे फार उपयोगी पडतात. नरेश फर्नांडिस यांच्या 2012 च्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथाने ही सामग्री पुन्हा वाचकांसमोर आणली. मुंबईतील मैफलीचे पोस्टर म्हणून जे विकले जाते, ते मूळ पत्रकावरून घेतले आहे की नव्याने रचले आहे, ही चौकशी म्हणूनच आधी करावी.

पुनर्मुद्रणाचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांची किंमतही सारखी नाही. जुनाच ब्लॉक आणि जुनाच टाईप पुन्हा यंत्रावर चढवून काढलेली प्रत सर्वांत मोलाची. हॅच शो प्रिंटमध्ये हे काम अजून चालते. ग्लोब बंद पडल्यावर तिथला टाईप आणि ब्लॉक 2011 मध्ये बाल्टिमोरच्या कला महाविद्यालयाकडे गेले, तेही याच कारणाने महत्त्वाचे. दुसरा प्रकार मूळ पोस्टर स्कॅन करून ऑफसेटवर किंवा डिजिटल यंत्रावर छापलेल्या प्रतींचा. तिसऱ्या प्रकारात मूळ पोस्टर कधी अस्तित्वातच नसते. संगणकावर जुन्या धाटणीची अक्षरे लावून, कागद पिवळट दाखवून एक ‘जुने’ पोस्टर नव्याने रचले जाते. शोभेसाठी ते लावायला हरकत नाही, पण इतिहासाचा पुरावा म्हणून त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि विकणाऱ्याने ते सांगितले नाही तर ती फसवणूकच ठरते.

प्रत कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी साधे भिंग पुरते. खिळ्यांनी, म्हणजे टाईपने, छापलेल्या अक्षराच्या कडेला शाई किंचित दाटलेली असते आणि कागद मागून चाचपला तर दाब बोटांना लागतो. सपाट रंग एकसंध दिसतो. ऑफसेटच्या प्रतीत तोच रंग चार रंगांच्या बारीक ठिपक्यांत फुटलेला दिसतो, आणि इंकजेटच्या प्रतीत फवाऱ्यासारखे सूक्ष्म कण दिसतात. घडीची रेघ दिसते पण हाताला लागत नाही, टाचणीचे भोक दिसते पण त्यातून उजेड येत नाही, अशी प्रत अर्थातच नक्कल.

मजकूर त्याहूनही जास्त बोलतो. अमेरिकेत टपालाचे झिप कोड 1963 मध्ये आले आणि भारतात पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून. त्याआधीच्या तारखेच्या पोस्टरावर सहा आकडी पिन असेल तर ते नंतरचे आहे. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर पोस्टर साधारणपणे 1 एप्रिल 1957 पूर्वीचे, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतले. मराठवाड्यातील पत्रकांना तर आणखी खुणा आहेत. निजामी राजवटीत इथे हाली सिक्का हे चलन चाले, म्हणून तिकिटाचा दर त्यात असेल तर पत्रक त्या सुमाराचे. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, म्हणून 1975 च्या पत्रकावर ‘जि. लातूर’ असूच शकत नाही. उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले आणि 1982 नंतर लातुरात. जिल्ह्याचे नाव वाचले तरी पत्रकाचा काळ बराचसा आवळता येतो.

तळाशी बारीक अक्षरांत असलेली छापखान्याच्या नावाची ओळ तर सर्वांत उपयुक्त. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि गाव देणे बंधनकारक केले होते. प्रत काढताना सुबकपणासाठी ही ओळ कापून टाकणे हा मोठाच अपराध मानला पाहिजे, कारण कारागिराचा तेवढाच पत्ता शिल्लक राहिलेला असतो. हक्कांचे म्हणाल तर, चित्रकाराचे नाव नसलेल्या पत्रकावर भारतीय कायद्यानुसार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. 1963 सालचे असे पत्रक 2024 पासून कोणालाही छापता येते. चित्रकार ज्ञात असेल तर मुदत त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांची. नव्या प्रतीवर ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द, वर्ष आणि मूळ प्रत कोणाच्या संग्रहातील आहे हे छापणे, एवढे प्रामाणिक प्रकाशकाला अवघड नाही.

नांदेड-लातूर भागात सोल संगीताच्या सर्वांत जवळचे काय, असे विचारले तर उत्तर भीमगीतांच्या कार्यक्रमांत सापडते. अन्याय सोसलेल्या समाजाने स्वतःच्या आवाजात, रात्र-रात्र चालणाऱ्या सभेत, मानाने उभे राहून गायलेले ते गाणे आहे. वॉटस्टॅक्स झाला त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्यासारख्या शाहिरांच्या कार्यक्रमांची पत्रके लहान ट्रेडल मशीनवर, स्वस्त रंगीत कागदावर छापली गेली. त्यांतली किती उरली? फार थोडी. तमाशाच्या पोस्टरांचे आणि गावोगावच्या कव्वालीच्या मुकाबल्यांच्या जाहिरातींचेही तेच. कागद हलका, लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असते, उन्हाने तो पिवळा पडून तुकडे होतात, उरलेले वाळवी आणि कसर फस्त करतात. त्यात 1990 नंतर संगणक आणि फ्लेक्स आले, तशी छापखान्यांतले खिळ्यांचे खण भंगारात गेले. जाझची पोस्टरे आज पुन्हा छापता येतात, कारण कोणीतरी एक तरी प्रत किंवा ब्लॉक जपला. मूळ प्रतच नसेल तर पुनर्मुद्रणही नाही.

जपण्यासाठी खर्च फारसा नाही. पत्रकाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते नंतर काढता येत नाही. घडी उलगडून ते आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवावे, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. स्कॅन किमान 300, शक्यतो 600 डीपीआयवर करावे, कडा आणि मागची बाजू धरून, कारण मागे पेन्सिलने लिहिलेला दौऱ्याचा हिशेबही इतिहास असतो. डबल क्राऊन म्हणजे 20 × 30 इंचांचे पत्रक घरच्या स्कॅनरवर मावत नाही. ते दिवसाच्या उजेडात, फ्लॅशविना, कॅमेरा कागदाला समांतर धरून टिपले तरी चालते. फोटोसोबत कोणाचे, कुठले, कोणाकडून मिळाले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ज्या घरात, ज्या जुन्या छापखान्यात, ज्या बुद्धविहाराच्या किंवा यात्रा समितीच्या कपाटात असे एखादे पत्रक असेल, त्यांनी ते रद्दीत देऊ नये. त्याची एक स्कॅन प्रत गावच्या ग्रंथालयाला आणि एक जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या मराठी विभागाला द्यावी, आणि मूळ कागद स्वतःकडे जपून ठेवावा.