नेमणूकपत्रातली एक ओळ

शाळेने दिलेल्या नेमणूकपत्रात पगाराचा आकडा सगळेच वाचतात. त्याच्या आसपास आणखी एक ओळ असते: ‘अमुक तारखेपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात’ किंवा ‘दोन वर्षांच्या परिवीक्षेवर’. नोकरी जाते तेव्हा वकील सर्वांत आधी ती ओळ वाचतो. किती वर्षे शिकवले, निकाल किती टक्के लागला, हे प्रश्न नंतरचे.

शिक्षकाने कामगार न्यायालयात का जायचे नाही, हे आधी समजून घेऊ. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेला कामावरून काढले. ती औद्योगिक विवाद कायद्याचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1988 मध्ये निकाल लागला: शिक्षक हा त्या कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. महाराष्ट्रात मात्र तोवर वेगळी वाट तयार झाली होती. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम, त्याखालची 1981 ची नियमावली आणि या कायद्याने दिलेले शाळा न्यायाधिकरण. मान्यताप्राप्त खासगी शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, कायदा दोघींनाही लागू आहे. ‘आमची विनाअनुदानित संस्था, आम्हाला हे नियम लागत नाहीत,’ असे एखादे सचिव छातीठोकपणे सांगतात, त्याला अर्थ नाही. कनिष्ठ महाविद्यालयेही याच छत्राखाली येतात.

नियम 10 कर्मचाऱ्यांचे दोनच गट करतो, स्थायी आणि अस्थायी. अस्थायींमध्ये पुन्हा दोन प्रकार: परिवीक्षेवरचे आणि तात्पुरते. सगळा खेळ या दोघांमधल्या फरकाचा.

जागा कायमस्वरूपी रिकामी असेल आणि पात्र उमेदवाराची रीतसर निवड झाली असेल, तर अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर होते. ती दोन वर्षे पार पडली की शिक्षक कायम मानला जातो, वेगळा आदेश निघो न निघो. मधल्या काळात काम समाधानकारक नाही असे वाटले तर संस्था एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन सेवा संपवू शकते. पण ‘समाधानकारक नाही’ हे नुसते म्हणून भागत नाही. परिवीक्षेतल्या शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन मुख्याध्यापकाने करायचे आणि त्याची नोंद ठेवायची, असे नियम 15 सांगतो. गोपनीय अहवाल लिहिलेच नाहीत, किंवा प्रतिकूल शेरे मुदतीत कळवले नाहीत, तर त्या काळातले काम समाधानकारक धरायचे, हेही त्याच नियमात आहे. अनेक शाळांत हे अहवाल नोटीस काढायच्या आठवड्यात, एकाच शाईने, दोन्ही वर्षांचे लिहिले जातात. न्यायाधिकरणापुढे मूळ कागद आले की ते उघडे पडायला वेळ लागत नाही.

शिक्षणसेवक हा याच रांगेतला. त्याचा काळ तीन वर्षांचा, आणि पगाराऐवजी मानधन. 2023 पासून ते प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार आणि उच्च माध्यमिकला 20 हजार रुपये आहे. त्याआधी बरीच वर्षे ते 6, 8 आणि 9 हजारांवर अडकून होते. त्या पैशात नागपुरात खोली भाड्याने घेऊन राहायचे कसे, याचा विचार ठरवणाऱ्यांनी केला नसावा.

तात्पुरत्या शिक्षकाची गोष्ट कठीण आहे. कुणी प्रसूती रजेवर गेले, कुणी अभ्यास रजेवर, तेवढ्या मुदतीपुरती ही नेमणूक. मुदत संपली की सेवा संपते. मुदतीआधी काढायचे तर नियम 28 प्रमाणे महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार पुरतो, कारण द्यावे लागत नाही. असे तुकडे जोडून दोन वर्षे झाली म्हणून माणूस आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितले आहे.

गैरवापर होतो तो इथेच. समजा, नागपूरजवळ हिंगण्याकडच्या एका शाळेत गणिताचे शिक्षक निवृत्त झाले. जागा कायमची रिकामी. संस्था बीएड झालेल्या मॅडमना घेते, पण पत्र देते जूनअखेर ते एप्रिलअखेर. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे मे आणि जवळजवळ पूर्ण जून बिनपगारी. पुढच्या वर्षी तसेच पत्र, त्याच्या पुढच्या वर्षी तसेच. या मॅडमना नुसते ‘तीन वर्षे शिकवले’ म्हणून चालणार नाही. जागा रजेची नव्हती, निवृत्तीमुळे कायमची रिकामी होती. जाहिरात निघाली होती, मुलाखत झाली होती. ती जागा ज्या प्रवर्गाची, त्यातल्याच त्या होत्या. त्यांची पात्रता पुरी होती. हे त्यांना दाखवावे लागते. त्यासाठी जाहिरातीचे कात्रण, संचमान्यतेची (मंजूर पदांच्या आदेशाची) प्रत, बिंदुनामावली (आरक्षणाची नोंदवही) आणि हजेरीपटाची पाने लागतात. अनुदानित शाळेची यातली बरीच कागदपत्रे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून माहिती अधिकारात मागता येतात. नोकरी चालू असतानाच मागितलेली बरी.

‘तुम्हाला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यताच नाही,’ हे संस्थांचे आणखी एक आवडते उत्तर. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने भरतीला लगाम घातल्यावर अशी मान्यतेविना राहिलेली माणसे पुष्कळ झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्याआधीच स्पष्ट केले होते की ही मान्यता वैध नेमणुकीची पूर्वअट नाही. तिचा संबंध अनुदानाशी आहे. मात्र मान्यतेच्या कागदाची किंमत केवढी वाढली आहे, हे नागपूरने एप्रिल 2025 मध्ये पाहिले. बोगस नेमणुका आणि शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीतल्या आयडीच्या प्रकरणात थेट विभागाच्या शिक्षण उपसंचालकांना अटक झाली. पैसे मोजून असा कागद घेतलेल्याच्या हातात पुढे दाद मागायला काही उरत नाही.

राजीनाम्याबद्दल थोडे सविस्तर, कारण फसवणूक इथे सर्वांत सोपी. रुजू होतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणाऱ्या संस्था आहेत. कलम 7 मात्र राजीनाम्याची पद्धत बारकाईने सांगते. पत्र दोन प्रतींत करायचे, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत शिक्षकाने नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. कपाटातून काढलेल्या सहीच्या कागदामागे टपालाची पावती नसते. तसा कागद दिला गेल्याचे लक्षात असेल तर शिक्षकाने आजच लेखी कळवून पोच घ्यावी.

काढल्यावर हाताशी 30 दिवस असतात. तेवढ्यात कलम 9 खाली न्यायाधिकरणाकडे अपील करायचे. तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटले तरी ती सेवासमाप्तीच, तिच्याविरुद्धही अपील होते. त्याच दिवशी शाळेला पत्र पाठवून ‘मला हजेरीपटावर सही करू दिली नाही’ एवढे नोंदवले की तारीख पक्की होते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण ‘अध्यक्ष साहेब बघतो म्हणाले होते’ हे कारण फारसे टिकत नाही. वरिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची वाट निराळी: 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखालचे विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण. मुदत तिथेही 30 दिवसच.

अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रयत्न वर्षानुवर्षे चालतो. निकाल बाजूने लागला तर पुन्हा रुजू करून घेण्याचा आणि थकीत पगाराचा आदेश होऊ शकतो. चुकीने काढलेल्याला मागचा पूर्ण पगार हाच सर्वसाधारण नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये याच कायद्याखालच्या, मराठवाड्यातून आलेल्या प्रकरणात सांगितले. परत घेणे योग्य वाटले नाही, तर दहा वर्षे किंवा अधिक सेवा असलेल्याला बारा महिन्यांचा आणि त्याहून कमी सेवेला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देता येतो. संस्था मग बहुधा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट दाखल करते. तिथेही शिक्षक जिंकला आणि संस्था पैसे देईना, तर ती रक्कम तिच्या अनुदानातून कापावी अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाला करू शकते. विनाअनुदानित शाळेला कापायला अनुदानच नसते. तिच्याविरुद्ध आदेश मोडल्याबद्दलच्या कारवाईसाठी शिक्षकाला पुन्हा अर्ज घेऊन उभे राहावे लागते.