संस्कार होते, तरी तो थांबला नाही

परीक्षेत कॉपी सापडली, अधिकारी लाच घेताना पकडला गेला, रस्त्यावर जखमी पडलेला आणि कुणी थांबलं नाही. बातमी कुठलीही असो, निदान ठरलेलं: ‘संस्कारच नाहीत हो!’ म्हणजे मूल्यं मनात पक्की असली की माणूस नीटच वागतो, आणि चुकला तर मूल्यं नव्हतीच. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की चीड येते, कारण याविरुद्धचा पुरावा जवळपास शंभर वर्षं जुना आहे.

१९२८ साली ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात, खेळात, घरच्या अभ्यासात फसवायची संधी दिल्यावर मुलं काय करतात, हे त्यांनी पाहिलं. प्रामाणिक आणि लबाड अशा दोन रांगा लागल्याच नाहीत. एके ठिकाणी खरं वागलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवत होतं. नंतरच्या फेरतपासणीत थोडं सातत्य आढळलं, पण थोडंच.

मुलांचं सोडा. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणारे, म्हणजे उद्याचे धर्मोपदेशक निवडले. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत पडलेला होता. तो प्रयोगाचाच भाग. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणावा असा फरक पडला नाही. विद्यार्थी चाळीसच होते, म्हणून टक्केवारी जपून वापरावी. पण या विद्यार्थ्यांवर परोपकाराचे संस्कार नव्हते असं कोण म्हणेल? अडवलं ते घड्याळाने.

इथे काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: मूल्यं म्हणजे नुसत्या बोलण्याच्या गोष्टी. तेही चूक. अनात बार्डी आणि शालोम श्वार्ट्झ यांच्या २००३ सालच्या अभ्यासात परंपरा किंवा नावीन्य यांना महत्त्व देणाऱ्यांचं वागणं त्या मूल्याशी बरंच जुळलं. परोपकार, सुरक्षितता यांबाबत मात्र दुवा सैल निघाला. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं: जिथे सगळ्यांकडून एकाच वागण्याची अपेक्षा असते, तिथे मूल्य असलेला आणि नसलेला दोघेही सारखेच वागतात. शिवाय बास फरप्लांकेन आणि रॉब हॉलंड यांनी २००२ मध्ये दाखवलं की मूल्य माणसाला स्वतःच्या ओळखीचा भाग वाटत असेल आणि निवडीच्या क्षणी ते आठवलं, तरच निवड बदलते. तेव्हा कार्यालयात लाच थांबवायची असेल तर भिंतीवरच्या सुविचारापेक्षा प्रत्येक अर्जाची पावती, उघड नोंद आणि ठरलेली मुदत यांवर पैसा खर्च करा. ‘संस्कारच नाहीत’ म्हणून सुस्कारा टाकला की हे काम करायला कुणी उरत नाही.

मूल्यांबद्दलचे असेच आणखी तीन गैरसमज. ‘पाश्चात्त्यांची मूल्यं वेगळी, आपली वेगळी’: अनेक देशांतल्या पाहण्यांत जवळच्यांचं भलं हे मूल्य सर्वांत वर आणि सत्ता तळाशी, असाच क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो.

‘मूल्यं एकमेकांना पूरकच असतात’: नाही. यश आणि परोपकार, सुरक्षितता आणि स्वातंत्र्य रोज भांडतात. चांगल्या माणसालाही एकाला मागे ठेवावं लागतं.

‘पैसा दिसला की नियत फिरते’: २०१९ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेल्या प्रयोगात भारतासह ४० देशांत १७ हजारांहून जास्त पाकिटं ‘सापडली’ म्हणून बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयांच्या काउंटरवर दिली गेली. मालकाला कळवलं गेलं ते पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सुमारे ४० टक्के वेळा, पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्के वेळा. तीन देशांत रक्कम आणखी वाढवली, तर प्रमाण आणखी चढलं. लोकांना आधी अंदाज विचारला तेव्हा त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं.