हिमघुबड : गाव नसलेला पक्षी

मराठीत घुबडाला दिवाभीत असे एक जुने नाव आहे. दिवसाला भिणारा, उजेड टाळून झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या कोनाड्यात दडून बसणारा पक्षी, असा त्याचा अर्थ. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या नजरेस आर्क्टिक प्रदेशातील हिमघुबड कधी पडले नसावे. त्या प्रदेशात उन्हाळ्याचे कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. तेथे दिवसाला भिऊन राहिलेल्या पक्ष्याने पोट कसे भरावे? म्हणून हे घुबड भर उजेडात, उघड्या माळावरील एखाद्या उंचवट्यावर बसून भक्ष्याची वाट पाहते. झाडाचा आडोसा त्याला लागत नाही, कारण त्याच्या मुलखात झाडच नाही.

पक्षी मोठा देखणा असतो. डोळे पिवळेजर्द, पंखांचा विस्तार सव्वा ते दीड मीटर आणि पायांच्या बोटांपर्यंत पिसांचे दाट आवरण. शिकारी पक्ष्यांच्या रीतीप्रमाणे येथेही मादी नरापेक्षा मोठी व वजनदार असते. प्रौढ नर जवळजवळ पांढराशुभ्र असतो, तर मादीच्या आणि पिलांच्या अंगावर काळपट तपकिरी पट्टे असतात. लिनिअसने १७५८ साली या एकाच पक्ष्याची नोंद दोन निरनिराळ्या नावांनी केली होती. हॅरी पॉटरच्या कथेमुळे जगभरच्या मुलांना परिचित झालेली हेडविग ही मादी आहे. पण चित्रपटांत तिचे काम नर पक्ष्यांनी केले, हे चाणाक्ष बालवाचकांनी केवळ रंगावरून ओळखावे. अलीकडच्या आनुवंशिक तपासणीनंतर शास्त्रज्ञांनी हिमघुबडाला ज्या प्रजातीत घातले, तिच्यातच आपल्याकडे खडकाळ टेकड्यांवर राहणाऱ्या शृंगी घुबडाचा समावेश होतो. नाते दूरचे, पण घराणे एकच.

पक्षिविषयक ग्रंथांतील नकाशा उघडून पाहिला, तर हिमघुबडाचे राज्य अफाट दिसते. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, स्कँडिनेव्हियाचे उंच डोंगर आणि तेथून रशियाच्या उत्तर किनाऱ्याने थेट रँगेल बेटापर्यंत उत्तर ध्रुवाभोवती जणू एक कडेच रंगविलेले असते. नकाशा खोटा नाही. तरीही तो वाचकाची फसगत करतो, कारण त्या रंगविलेल्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी बहुतेक वर्षी हिमघुबडाचे एकही घरटे नसते.

याचे कारण लेमिंग हा उंदराच्या कुळातील मूठभर प्राणी होय. प्रौढ हिमघुबड एका दिवसात तीन ते पाच लेमिंग खाते. वर्षाचा हिशेब केला तर तो दीड हजारांच्या वर जातो. लेमिंगांची संख्या साधारणत: तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने चढते आणि कोसळते. ज्या वर्षी ते उदंड होतात त्या वर्षी मादी सात, नऊ, क्वचित अकराही अंडी घालते. ज्या वर्षी ते दिसेनासे होतात त्या वर्षी ती त्या भागात घरटेच करीत नाही. अंडी साधारण दोन दिवसांच्या अंतराने घातली जातात, आणि पहिल्या अंड्यापासूनच मादी उबवावयास बसते. त्यामुळे एकाच घरट्यात थोरले पिलू चांगले बाळसेदार आणि धाकटे नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले, असा देखावा दिसतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिले उडता येत नसतानाच घरटे सोडून पायी चालू लागतात, आणि बाप त्यांना माळावर शोधून भरवीत राहतो. अलास्कातील उत्किआग्विक या गावाजवळ डेन्व्हर होल्ट हे संशोधक १९९२ पासून घरट्यांची मोजदाद करीत आले आहेत. त्यांच्या वहीत काही वर्षांपुढे डझनावारी घरटी आहेत आणि काही वर्षांपुढे पूज्य.

मग लेमिंग नसलेल्या वर्षी हे पक्षी जातात कोठे? कॅनडातील बायलॉट बेटावर २००७ व २००८ साली काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी छोटी यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा याचे उत्तर हाती आले. एका वर्षीचे घरटे आणि पुढच्या वर्षीचे घरटे यांत सरासरी सातशे पंचवीस किलोमीटरांचे अंतर निघाले. मुंबईतील बिऱ्हाडकरूने पुढच्या वर्षी नागपुरात बिऱ्हाड करावे, त्यातलाच हा प्रकार. त्याहूनही नवलाची गोष्ट अशी की, यांपैकी बऱ्याच माद्यांनी हिवाळ्यात दक्षिणेकडे येण्याऐवजी उत्तरेतच मुक्काम केला आणि गोठलेल्या समुद्रावर, बर्फातील मोकळ्या पाण्याच्या काठी, समुद्री बदकांची शिकार करून आठवडेच्या आठवडे काढले.

आता अशा पक्ष्याची शिरगणती कशी करावयाची? विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्व ग्रंथांत हिमघुबड सुरक्षित मानले जात असे, आणि पुढे त्याची जगातील संख्या सुमारे दोन लाख नव्वद हजार असल्याचे छापलेही गेले. एखाद्या भागात चांगल्या वर्षी आढळलेली दाटी साऱ्या टुंड्रा प्रदेशाला लावली, म्हणजे आकडा असा फुगतो. शिवाय यंदा अलास्कात मोजलेला पक्षी पुढे सैबेरियात पुन्हा मोजला जाण्याचा संभव असतोच. युजीन पोटापॉव्ह आणि रिचर्ड सेल यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा हिशेब नव्याने मांडला. तो सुमारे चौदा हजार जोड्यांवर, म्हणजे अठ्ठावीस हजार प्रौढ पक्ष्यांवर आला, आणि ही संख्याही कदाचित जास्तच असेल, असे त्यांनी सुचविले. लाखांचा आकडा हजारांवर आला, तो पक्षी मेले म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. इतके पक्षी पूर्वीही नव्हतेच. परंतु खरी घटही आहे, आणि ती निरनिराळ्या ठिकाणच्या दीर्घकालीन नोंदींतून दिसते. म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०१७ साली हिमघुबडाला ‘असुरक्षित’ या वर्गात घातले. कॅनडात या पक्ष्याचा फार मोठा हिस्सा राहतो, आणि क्वेबेक प्रांताने तर त्याला १९८७ पासून आपले मानचिन्ह केले आहे. त्या देशाच्या तज्ज्ञ समितीनेही २०२५ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरविले. त्याच वर्षी स्वीडनमधील पक्षिमित्रांच्या संस्थेने जाहीर केले की, २०१५ नंतर आपल्या देशात हिमघुबडाची वीण झालेली नाही आणि तेथे तो नामशेष मानावा.

घट का होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ईशान्य ग्रीनलंडमधील ट्रेल बेटावर सापडते. तेथे १९८८ पासून लेमिंगांची आणि त्यांच्यावर जगणाऱ्या प्राण्यांची गणना चालू आहे. पहिली दहा-बारा वर्षे लेमिंगांचा फेरा ठराविक चालीने चालला. २००० सालानंतर तो मोडला. भरतीची वर्षे येईनाशी झाली. परिणामी त्या खोऱ्यात उडण्याइतक्या मोठ्या होणाऱ्या हिमघुबडाच्या पिलांची संख्या शेकडा अठ्ठ्याण्णवांनी घसरली. लेमिंग हिवाळाभर बर्फाच्या जाड थराखाली, जमिनीलगतच्या पोकळीत राहतात आणि तेथेच त्यांची वीणही होते. वरचा बर्फ त्यांचे पांघरूण असतो. हवा तापून भर हिवाळ्यात पाऊस पडला, किंवा बर्फ वितळून पुन्हा गोठला, तर त्या मऊ पांघरुणाचा कठीण पत्रा बनतो आणि खालचे गवत व शेवाळ त्यात थिजून जाते. लेमिंग उपाशी मरतात. घुबडाला कोणी हात लावलेला नसतो.

शेटलंड बेटांपैकी फेटलर या चिमुकल्या बेटावर अगदी वेगळी गोष्ट घडली. १९६७ साली बॉबी टुलॉक यांना तेथे हिमघुबडाचे घरटे दिसले, आणि पक्षिरक्षक मंडळींनी त्यावर रात्रंदिवस पहारा बसविला. बेटावर लेमिंग नव्हते, पण ससे मुबलक होते. १९७५ पर्यंत दर वर्षी वीण झाली. मात्र घरातला म्हातारा नर मोठा हेकट. वयात येणाऱ्या मुलांना तो बेटावर टिकू देईना. पुढे तो स्वत:च नाहीसा झाला. माद्या कित्येक वर्षे तेथेच राहिल्या, अंडीही घालीत राहिल्या, परंतु नवा नर आला नाही आणि ती वसाहत संपली. पहारा चोख असूनही एवढ्याशा वस्तीचा प्रपंच एका पक्ष्यावर अवलंबून होता.

ज्या वर्षी उत्तरेत पिले उदंड होतात, त्या हिवाळ्यात तरुण घुबडे दक्षिणेकडे लोटतात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या संख्येने आली. एक पक्षी तर फ्लोरिडाच्या वाळूत जाऊन बसला. माणसांच्या मुलखात त्यांचा मृत्यू मोटारी, विजेच्या तारा आणि विष खाल्लेले उंदीर यांमुळे होतो. सपाट, मोकळे विमानतळ त्यांना टुंड्रासारखे वाटतात, आणि तेथे विमानाशी टक्कर होण्याचे भय असते. न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्या डिसेंबरात तीन घुबडे गोळ्या घालून मारण्यात आली. लोकांनी ओरड केल्यावर त्यांना पकडून दूर सोडण्याचा क्रम सुरू झाला. बॉस्टनच्या विमानतळावर हेच काम नॉर्मन स्मिथ यांनी १९८१ पासून चालविले आणि शेकडो घुबडे सुखरूप हलविली.

त्याच हिवाळ्यात ‘स्नोस्टॉर्म’ नावाचा एक उपक्रम अमेरिकेत सुरू झाला. घुबडाच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारे हलके यंत्र बांधतात. ते पक्ष्याची जागा ठराविक वेळाने नोंदवीत राहते आणि ती माहिती भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांमार्फत पाठवते. वसंतात पक्षी उत्तरेस गेला की मनोरे मागे राहतात आणि संदेश थांबतो. यंत्राची नोंद मात्र चालूच असते. पक्षी पुन्हा दक्षिणेस आला, तर त्याच्या साऱ्या उन्हाळ्याची हकिकत संशोधकांच्या हाती एकदम पडते. काही पक्षी एखादा हिवाळा चुकवून, दोन वर्षांनीही, असे परततात. पुष्कळसे परत येत नाहीत.