खानदेशातील ध्रुवीय स्थलांतरी पक्षी

उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास व त्यापलीकडे पसरलेल्या टंड्रा प्रदेशात वीण करणारे आणि हिवाळा जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जलाशयांवर घालविणारे पक्षी. ध्रुवीय प्रदेशातील प्राणिजीवन पाहण्यासाठी प्रवासी जहाजांतून सफरी निघतात. त्या प्राणिजीवनाचा एक अंश मात्र दरवर्षी स्वतःच तापी खोऱ्यात येतो.

हिवाळी पाहुण्यांना सरसकट ‘सायबेरियन पक्षी’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण तो यथार्थ नाही. चक्रवाकाची वीण लडाख, तिबेट व मध्य आशियात होते. खऱ्या अर्थाने ध्रुवीय म्हणता येईल असा पक्षी म्हणजे छोटा टिलवा. तलवार बदक व रफ यांचे विणीचे क्षेत्र अधिक विस्तृत असून त्याची उत्तर सीमा टंड्रापर्यंत पोहोचते.

छोट्या टिलव्याचे शास्त्रीय नाव कॅलिड्रिस मिन्यूटा असे आहे. त्याची लांबी सु. १३ सेंमी. व वजन सु. २५ ग्रॅ. असते. पाय व चोच काळी असून हिवाळ्यात पाठ करडी व पोट पांढरे दिसते. विणीच्या हंगामात पाठीवर तांबूस छटा येते. पण खानदेशात हा वेश क्वचितच पाहावयास मिळतो. रफ नराच्या मानेभोवतीचा पिसांचा झुबकेदार गळपट्टाही विणीपुरताच असतो.

टंड्राच्या उन्हाळ्यात सूर्य कित्येक आठवडे मावळत नाही. खालची जमीन कायम गोठलेली असल्याने वितळलेले पाणी मुरत नाही, डबकी साचतात आणि डास व इतर कीटकांची अमाप पैदास होते. या अल्पकाळात टिलवा जमिनीवरील खळग्यात चार अंडी घालतो. काही माद्या दोनदा अंडी घालतात. त्यांपैकी एक घरटे नर व दुसरे मादी उबविते. पुढे डबकी गोठू लागली की अन्न संपते. पक्षी दक्षिणेकडे निघतात ते मुख्यतः या उपासमारीमुळे. थंडी हे त्याचे एकमेव कारण नव्हे.

सातपुडा व अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामधील हा प्रदेश सरळ रेषेतही टंड्रापासून सु. ५,००० किमी. दूर आहे. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. तापी व पूर्णा यांचा संगम त्याच्या फुगवट्यात येतो. दोन्ही नद्यांचा गाळ येथे साचतो. साठवणक्षमता घटत असल्यामुळे अभियंत्यांच्या दृष्टीने तो दोष आहे. परंतु हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या याच चिखलात टिलव्याला किडे व अळ्या मिळतात. उथळ पाण्यातील वनस्पती व बिया बदकांच्या उपयोगी पडतात.

या पक्ष्यांची संख्या दोन्ही टोकांवर अवलंबून असते. लेमिंग या उंदरासारख्या कृंतकांची संख्या ज्या वर्षी घटते, त्या वर्षी ध्रुवीय कोल्हे पाणथळ पक्ष्यांची अंडी व पिल्ले अधिक खातात. परिणामी हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणाऱ्या थव्यांत तरुण पक्षी कमी असतात. हवामान तापल्यामुळे बर्फ लवकर वितळते व कीटकांचा बहर पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच ओसरण्याचा संभव असतो. इकडे गाळपेर, मासेमारीची जाळी व अवेळी पाण्याच्या पातळीत होणारे बदल यांमुळे चराऊ काठ आक्रसतात. मे महिन्यापूर्वी परतीच्या प्रवासापुरती चरबी साठवता आली नाही, तर टंड्रातील विणीवरही त्याचा परिणाम होतो.

म्हणून एका देशाने केलेले संरक्षण अपुरे ठरते. स्थलांतरी वन्य प्राण्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये बॉन येथे झाला व भारत १९८३ मध्ये त्यात सामील झाला. मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी भारताने २०१८ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. तिचे यश हतनूरसारख्या जलाशयांच्या काठांवर किती चिखल मोकळा राहतो, यावरही अवलंबून आहे.