जकातीत अडकलेला पक्षी

मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ पुरा होत आला होता. फ्लॉरेन्सचा कारभारी सोदेरिनी पाहायला आला आणि नाक जरा जाड झालंय म्हणाला. मायकेलअँजेलो मुकाट्याने परांचीवर चढला, छिन्नी चालवल्याचं नाटक केलं आणि मुठीतली संगमरवराची पूड खाली सोडत राहिला. नाक जसंच्या तसं! कारभारी मात्र खूश. किस्सा त्याचा चरित्रकार वासारीने लिहिलाय, म्हणजे थोडं तिखटमीठ असणारच. पण दगडातलं नाक नाकासारखं दिसावं, याबद्दल दोघांत वाद नव्हता.

वाद पेटला 1926 मध्ये, न्यूयॉर्कच्या बंदरात. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने विकत घेतलेलं, शिल्पकार ब्रांकुसीचं ‘बर्ड इन स्पेस’ बोटीतून उतरलं. ना चोच, ना पंख. ब्राँझचा एक उंच, निमुळता, लखलखीत आकार. कलाकृतीला जकात माफ होती. अधिकाऱ्यांनी हा ऐवज स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचं साहित्य या सदरात टाकला आणि 40 टक्के जकात लावली.

ब्रांकुसी कोर्टात गेला. 1916 च्या एका निकालानुसार शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची, मुख्यतः मनुष्यदेहाची, प्रमाणबद्ध नक्कल. स्टायकेनला विचारलं गेलं, हा जंगलात दिसला असता तर गोळी झाडली असतीत का? नाही म्हणाला बिचारा. मला खरा बिनतोड वाटतो तो दुसरा सवाल: चांगला कारागीरही पितळ असंच चकचकीत करील की! शिल्पकार एपस्टाइनचं उत्तर होतं, चकाकी आणील, पण हा आकार त्याला सुचणार नाही. ब्रांकुसी तर ओतकाम झाल्यावर कानस घेऊन स्वतः घासत बसायचा. उजेड पडला की धातूचं वजनच जाणवू नये, इतकं. त्याला पिसं दाखवायचीच नव्हती, झेप दाखवायची होती. नोव्हेंबर 1928 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

पुढे याच पक्ष्याने इंदूरच्या यशवंतराव होळकरांना भुरळ घातली. त्यांनी तीन घेतले: ब्राँझचा एक, पांढऱ्या संगमरवराचा एक, काळ्याचा एक. आकार तोच, पण पांढऱ्या दगडात तो उजेड धरून ठेवतो आणि ब्राँझमध्ये समोरच्यावर फेकतो. या पक्ष्यांसाठी मंदिर बांधायचं ठरलं आणि ब्रांकुसी इंदूरला येऊनही गेला. मंदिर काही झालं नाही. संगमरवरी जोडी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.