गोळीवाचून अर्धशिशी

'अर्धशिशी' हा शब्द मी शाळेत जाण्याच्या आधीपासून ऐकत आले आहे. आई शेतातून येई, डोक्याला फडके गच्च आवळी आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडे. आम्हा भावंडांना भांड्याचाही आवाज करण्याची मनाई असे. तिच्या उजव्या कानशिलावर बिब्ब्याचा काळा डाग आहे. तो तिच्या माहेरी कुणा जाणत्याने दिलेला. डोके थांबले नाही, डाग मात्र राहिला. पुढे बारावीच्या वर्षी हे दुखणे माझ्याही वाट्याला आले. 'पुस्तकं डोक्यात गेली' असे शेजारणींनी निदान केले. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांनाही ते पटले. असो.

इंग्रजीतला 'मायग्रेन' हा शब्द 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. आयुर्वेदात या जातीच्या दुखण्याला 'अर्धावभेदक' म्हणतात. दूरदूरच्या लोकांनी नाव ठेवताना नेमके अर्धेच डोके धरावे याची मला गंमत वाटते. कारण पुष्कळांचे दोन्ही बाजूंनी दुखते. ठणका लागतो, जिना चढले तरी तो वाढतो, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसे होतात. औषध न घेतल्यास हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. काहींना आधी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेषा दिसतात. डोक्यातील रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखते, असे पूर्वी मानत. आता ते कारण अपुरे समजले जाते. अशा माणसाचा मेंदूच बदलाला हळवा असतो. झोप, जेवण, ऊन, पाळी, ताण यांत फरक पडला की चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना नेणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू चेतवला जातो. हा हळवेपणा बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. म्हणजे माझे डोके आईकडून आलेले. पुस्तकांचा त्यात दोष नाही!

एफ.वाय.च्या परीक्षेआधी मी औषधाच्या दुकानातून सुट्या गोळ्या आणून घेत असे. प्रथम आठवड्यातून एक, मग एक दिवसाआड, मग रोज. एस.टी.तून उतरले की आधी गोळी, मग कॉलेज. तरी डोके रोज दुखू लागले आणि एका पेपरला मी अर्ध्या तासात उठून बाहेर आले. शेवटी वडिलांनी शहरातल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोके तपासण्याआधी विचारले, "महिन्यात गोळ्या किती होतात?" मी बोटांवर मोजू लागले, बोटे पुरली नाहीत. वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस वा अधिक, आणि मिश्र गोळ्या दहा दिवस वा अधिक, अशा काही महिने घेतल्या तर त्या गोळ्याच डोकेदुखी लावतात. हे ऐकून वडील म्हणाले, "म्हंजे दुखणं आपणच इकत आणलं!" गोळ्या बंद केल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस मी विसरणार नाही. दुखणे आधी वाढते आणि मग उतरते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले नसते तर मी तिसऱ्याच दिवशी दुकान गाठले असते. (कुणी गोळ्या बंद करणार असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच करावे, काही गोळ्या एकदम सोडणे धोक्याचे असते.)

गोळीवाचून काय करता येईल, हा प्रश्न माझ्यापुढे असा आला. आजीने सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला. कातडीची आग झाली, तेवढा वेळ आतल्या ठणक्याचा विसर पडला, इतकेच. दुसरा तिचा उपाय गोड होता. सूर्य उगवायच्या आत दुधात भिजवलेली जिलबी खायची. आश्चर्य म्हणजे त्या दहा दिवसांत डोके एकदाच दुखले! मी विचार केला तेव्हा ध्यानात आले की, एरवी मी पहाटेची गाडी पकडण्यासाठी उपाशी निघे आणि दुपारी दोनला जेवे. जिलबीच्या निमित्ताने रात्री लवकर निजणे आणि सकाळी पोटात काही जाणे, ही दोन्ही घडली. आता जिलबीऐवजी भाकरी आणि दूध असते. गुण तोच आहे, खर्च कमी.

ॲक्युपंक्चरचे नाव बरेच ऐकले होते. चाचण्यांमध्ये काही रोग्यांना खऱ्या जागी सुया टोचतात व काहींना लटक्या रीतीने. गंमत अशी की दोन्ही गटांना बराच आराम पडतो. खऱ्या सुयांचा थोडा अधिक, पण फरक लहान. योगाविषयी दिल्लीच्या एम्समधील एक चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. तीत औषधांसोबत तीन महिने योग करणाऱ्यांचे दुखणे, केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटले. येथे 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा आहे. योगशिबिराच्या जाहिरातींत तो सहसा गळतो.

मला स्वतःला उपयोग झाला तो स्नायू शिथिल करण्याचा. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1929 साली यावर ग्रंथ लिहिला. आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी तासाला ती पद्धत करून दाखवली, तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला होता. मूठ घट्ट आवळायची, काही क्षण धरायची, सैल सोडायची. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा असे करत जायचे. मी एस.टी.त बसून करते. शेजारच्या बायका बघतात, बघोत. ठणका पूर्ण चढल्यावर याने काही होत नाही. रोज केले तर खेपा कमी होतात.

मात्र डोके एकाएकी, आयुष्यात कधी नव्हे इतके दुखले, ताप येऊन मान ताठली, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळा पडला, तर लेप आणि जिलबी करीत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी मला नोंद ठेवायला सांगितले होते. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांशेजारी, दुखण्याच्या दिवशी लाल गोल करू लागले. आईचे गोलही निळ्या शाईने केले. चार महिन्यांनी पाने उलटली तेव्हा आईचे निळे गोल जवळजवळ प्रत्येक संकष्टीवर किंवा दुसऱ्या दिवशी पडलेले दिसले. ती दिवसभर कांदे काढते, फराळही करीत नाही, पाणीही बेताचेच पिते आणि चंद्रोदयानंतर जेवते. उपाशी राहण्याने अर्धशिशी उठते, हे वैद्यकातले पक्के आहे. पण आईला सांगणार कोण?

मी कालनिर्णय तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही. गोल मात्र मोजता येतात. तिने ते बोट ठेवून दोनदा मोजले आणि म्हणाली, "देवानं दुखणं दिलं असंल तर गणपतीच्या दिवशी कशाला देईल?" गेल्या संकष्टीला ती शेतावर जाताना राजगिऱ्याचे दोन लाडू आणि पाण्याची कळशी घेऊन गेली. संध्याकाळी एक लाडू तसाच परत आला. त्या दिवसाच्या चौकोनात गोल नाही, दुसऱ्या दिवशीच्या आहे, पण लहान. तो तिने स्वतःच्या हाताने काढला आहे.